भिंतीआडची कोरी पट्टी

१

कलबुर्गीजवळच्या आळंदच्या त्या घरात दुपारची जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, की सासू आणि सून मधल्या खोलीत येऊन बसत. सून टेबलाशी, सासू दिवाणावर पाय लांब सोडून. दोघींच्या पुढ्यात एकेक लॅपटॉप. रस्त्यावरून कुणी डोकावलं तर वाटावं, शारदाबाई ह्या वयात कुठल्या कचेरीत लागल्या की काय!

शारदाबाई खेळ खेळत असत. आणि ते खरोखरच कामाचं होतं.

त्यांची सून श्रीलक्ष्मी बंगळुरूच्या एका लहान कंपनीसाठी घरून काम करायची. ते लोक मुलांसाठी एक खेळ बनवत होते. घरात हरवलेल्या वस्तू शोधायच्या, एवढाच खेळ. आजीचा चष्मा, आईची किसणी, बाबांची छत्री. खेळातलं घर कसं असावं यावर चित्रकारांचं घोडं अडलं, तेव्हा श्रीलक्ष्मीनं आपल्याच घराचे फोटो काढून पाठवून दिले. त्यामुळं खेळातल्या घराला हीच शहाबादी फरशी होती, हीच उंच छतं, स्वैपाकघराचं हेच निळं दार आणि मागच्या खोलीत उतरायला ह्याच दोन पायऱ्या.

गुडघे गेल्यापासून शारदाबाईंना त्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. खेळात मात्र नुसतं बटण दाबलं की झालं. पहिल्यांदा त्या तिथं उतरल्या तेव्हा लहान पोरीसारख्या ओरडल्या होत्या, "अगं लक्ष्मी, बघ की! मागल्या खोलीत आलेय मी! माझ्या माझ्या पायांनी!"

तेव्हापासून खेळ तपासायचं काम त्यांच्याकडं लागलं. कुठं अडकतं, कुठं बिघडतं ते त्या सांगायच्या आणि सून दुरुस्त करायची. श्रीलक्ष्मी त्यांना आत्या म्हणे. दोघींचं असं गूळपीठ होतं की, कलबुर्गीच्या कॉलेजात शिकवायला जाऊन-येऊन करणारा शारदाबाईंचा मुलगा अपूर्व म्हणायचा, "ह्या घरात मी भाडेकरू आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, मिळेल ते खायचं."

त्या उन्हाळ्यात श्रीलक्ष्मीकडं एक चूक दुरुस्तीला आली होती. खेळातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर, वीतभर उंचीवर, एक पांढरी पट्टी तरंगायची. पट्टीवर नाव. आजी, आई, बाबा, आणि मांजरीवर मनी. माणूस भिंतीमागं गेलं की त्याची पट्टीही भिंतीमागं जायला हवी. पण गेम इंजिन, म्हणजे ज्या प्रणालीवर खेळ चालतो ती, आधी सगळं घर रंगवून मोकळं व्हायचं आणि पट्ट्या सगळ्यात शेवटी वरून डकवायचं, आरशावर टिकली डकवावी तशा. त्यामुळं आई स्वैपाकघरात असली तरी तिचं नाव मधल्या खोलीतून, भिंतीवरच लिहिल्यासारखं दिसे.

"मला तर हे बरंच वाटायलंय," शारदाबाई म्हणाल्या. "कोण कुठं हाय ते कळतंय तरी. खऱ्या घरात कुठं कळतंय?"

मग त्यांचा हात थांबला. चष्मा कपाळावरून खाली आला.

"लक्ष्मी, हे पाचवं कोण ग?"

२

पाचवी पट्टी कोरी होती.

ती मागच्या खोलीत होती. मधल्या खोलीतून पाहिलं तर भिंतीपलीकडं, अगदी खाली, फरशीला लागून म्हणावी इतकी खाली. मनीची असावी म्हणून श्रीलक्ष्मीनं बघितलं, तर मनी स्वैपाकघरात फळीवर होती, नावासकट.

तिनं सासूच्या मांडीवरचा लॅपटॉप आपल्याकडं वळवला आणि खेळात मागच्या खोलीच्या पायऱ्या उतरली. खोलीत कुणीच नव्हतं. पोती, जुनी शिलाई मशीन, कोपऱ्यातला घडवंचीचा सांगाडा. वळून पाहिलं तर कोरी पट्टी आता स्वैपाकघराच्या भिंतीपलीकडं होती. स्वैपाकघरात गेली, तर पट्टी मधल्या खोलीत. किती फिरलं तरी तिच्या आणि पट्टीच्या मधे एक भिंत राहतच होती.

तिनं नागेंद्रला फोन लावला. नागेंद्र कंपनीत तिचा जोडीदार. मूळचा बीदरजवळच्या कमठाण्याचा, त्यामुळं बंगळुरूत बसून तिच्याशी मराठीत बोलायची हौस भागवून घ्यायचा.

"अक्का, माझ्याकडं चारच दिसायलेत," तो म्हणाला. "तुमचा लॅपटॉप जुना हाय. आधीचं चित्र नीट पुसत नसंल. चित्रं दाखवणारं कार्ड बिघडत आलं असंल त्याचं."

श्रीलक्ष्मीनं आपल्या नव्या लॅपटॉपवर खेळ लावला. तिथंही पट्टी होती. मग तिनं इंजिनलाच विचारलं, एकूण पट्ट्या किती बनवल्यास? इंजिननं उत्तर दिलं, चार. आणि ते उत्तर लिहून येत असताना पडद्यावर पाच पट्ट्या दिसत होत्या.

ती घाबरली वगैरे नाही. ह्या धंद्यात असल्या गोष्टी रोज दिसतात. कुठल्यातरी कोपऱ्यात जुना आकडा पडून राहिलेला असतो, आठवडाभर तो आपल्याला नाचवतो आणि शेवटी एका स्वल्पविरामाची चूक निघते. कारण असतंच. फक्त ते सापडेपर्यंत धीर धरावा लागतो.

"कुणी रांगायलंय," शारदाबाई म्हणाल्या.

"काय?"

"बघ की तू. जरा पुढं जातंय, थांबतंय. परत जरा जातंय, बसतंय. लेकरं असंच रांगतात बघ."

श्रीलक्ष्मी हसली. पण पाहिलं तर ते तसंच होतं. पट्टी भिंतीच्या कडेकडेनं थोडी सरके, जराशी डुले, थांबे. ज्या फरशीचा कोपरा उचकटलेला होता तिथं येऊन ती अडखळली आणि वळसा घालून पुढं गेली.

तो उचकटलेला कोपरा खऱ्या घरात होता. खेळातल्या फरशीत चित्रकारांनी तो काढलेलाच नव्हता, हे तिच्या लक्षात आलं ते संध्याकाळी, भाकऱ्या थापताना. तिचे हात थांबले. आणि त्या शांततेत तिला मागच्या खोलीतून आवाज आल्यासारखा वाटला. थप. थप थप. उघड्या फरशीवर ओले तळवे पडावेत तसा. ती कानोसा घेत राहिली. मग शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कपडे आपटत असणार, असं स्वतःला सांगून तिनं भाकरी तव्यावर टाकली. भाकरीला पापुद्रा आला नाही.

३

मे उजाडेपर्यंत पट्टी वर आली. आधी गुडघ्याएवढ्या उंचीवर, मग कमरेएवढ्या. कधी भिंतीला धरून उभी असल्यासारखी स्थिर, कधी एकदम धपकन खाली.

"पडलं ग बाई," शारदाबाई हळहळत. "लागलं असंल. उठ. उठ बघू. हां!"

पट्टी पुन्हा वर आली की त्या सुनेकडं अशा बघत, जसं काही त्यांनीच बोट धरून उठवलं होतं.

चष्मा आणि किसणी शोधायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. दुपारी लॅपटॉप उघडला की त्या आधी भिंतींवरून नजर फिरवत आणि म्हणत, "हां, हाय." मग त्यांचं बोलणं सुरू होई. आज सुसला केलाय, चुरमुरे जरा जास्तच भिजले. ऊन फार हाय, परसात जाऊ नको. त्या बोलत आणि भिंतीपलीकडं पट्टी थांबून राही. बोलणं संपलं की पळे. आता ती पळत असे, सगळ्या घरभर, ह्या खोलीतून त्या खोलीत.

श्रीलक्ष्मीला ते बघून बरंही वाटे आणि नकोही. गुडघे गेल्यापासून आत्या किती गप्प झाल्या होत्या, ते तिनंच पाहिलं होतं. आता त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. सकाळी त्या केसांना तेल लावून, नीट विंचरून बसत, पाहुणे यायचे असल्यासारख्या.

एका संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडताना तिनं अपूर्वला विचारलं, "तुझ्या आधी आत्यांना कुणी झालं होतं का? म्हणजे... गेलेलं?"

"छे," अपूर्व म्हणाला. "मी पहिला आणि मीच शेवटचा. का ग?"

"सहज."

पण तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी शारदाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या तेव्हा ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. कसं विचारावं ते सुचेना. शारदाबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि त्याच म्हणाल्या, "अपूर्व सांगत होता, तू काय विचारलीस ते."

"चुकलं माझं, आत्या."

"चुकायचं काय त्यात? पण तसलं काही न्हाई माय. माझं काही गेलेलं न्हाई, काही हरवलेलं न्हाई. देवानं दिलं तेवढं हाताशी हाय." त्यांनी शेंगेची टरफलं सुपात टाकली. "म्हणून काय दारात कुणी आलं तर ये म्हणू नये व्हय?"

श्रीलक्ष्मीही शेंगा सोलू लागली. ते कुणाचंतरी असतं, ह्या घरातलं गेलेलं कुणी, तर तिला इतकं वाईट वाटलं नसतं. मग निदान ते कशासाठी आलं हे तरी कळलं असतं.

आत कुठंतरी, भर दुपारी, कुणीतरी पळत गेलं. ह्या वेळी पावलं स्पष्ट होती. शारदाबाईंनी मान वर केली नाही. नुसत्या हसल्या.

४

लेकरं वाढतात. ते वाढतंय, याचं कौतुक शारदाबाईंना होतं. पट्टी खेळातल्या आईच्या पट्टीच्या उंचीला आली, त्या दिवशी त्यांनी शिरा करायला लावला.

पण ती तिथं थांबली नाही.

जूनच्या सुरुवातीला ती बाबांच्या पट्टीच्या वर गेली. आणखी काही दिवसांनी बघावं तर बाबांच्या पट्टीला तिनं बरंच खाली टाकलं होतं.

"उंच निघाला," शारदाबाई म्हणाल्या. केव्हातरी त्यांच्या बोलण्यात 'ते'चा 'तो' झाला होता. "अपूर्व बी दहावीत असाच एकदम वाढला बघ. दर महिन्याला पँटी आखूड व्हायच्या."

श्रीलक्ष्मी पडद्याकडं बघत होती. कोरी पट्टी आता पळत नव्हती. सावकाश चालायची, आणि फार थांबायची. दाराशी आली की ती खाली जाई, चौकटीखालून पलीकडं निघे, आणि मग पुन्हा वर चढे. श्रीलक्ष्मी बराच वेळ ते बघत राहिली. पट्ट्यांना दारांची खबर नसते. पट्ट्या कशावरही आपटत नाहीत, त्यांना वाकायची गरज नसते.

वाकायची गरज पट्टीखाली जे असेल त्याला असते.

ती ताडकन उठली आणि स्वैपाकघरात पाणी प्यायला गेली. माठातून तांब्या भरला. मागं निळ्या दाराला मण्यांचं तोरण होतं, तिनंच लग्नाच्या वर्षी ओवलेलं. घरातल्या कुणाचंही डोकं तिथवर पोचत नसे. ते तोरण वाजलं. मण्यांवर मणी, हळूच, कुणीतरी उंच माणूस डोकं वाचवत खालून जावा तसं. पंखा मधल्या खोलीत होता. खिडकी बंद होती. ती तांब्या तोंडाला लावून तशीच उभी राहिली, पाणी गळ्यावरून पदरावर उतरलं तरी. वळून बघायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. तोरण हलायचं थांबलं. मागून पाऊल वाजलं नाही. मग कितीतरी वेळानं छताच्या बाजूनं, तिच्या डोक्याच्या फार वर, कुणीतरी श्वास सोडला.

तांब्या तिथंच टाकून ती मधल्या खोलीत आली. शारदाबाई दिवाणावर जशाच्या तशा होत्या.

"आत्या, हा खेळ बंद करू या."

"कामून?"

"मला भीती वाटते."

शारदाबाईंनी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि सुनेला हाताला धरून जवळ बसवलं. तिचा ओला पदर पाहिला, आपल्या पदरानं तिचा गळा पुसला. "एवढं कापायलीस? अग बाई माझी. भीती वाटायलीय तर कर की बंद. खेळापरीस तू मोठी हायस मला." थोडा वेळ त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण लक्ष्मी, त्यानं आजवर कुणाचं काय वाईट केलंय?"

केलं नव्हतं. तेच तर होतं. काही केलं असतं तर चिडता आलं असतं.

५

रात्र होऊ न देता, अपूर्व यायच्या आतच तिनं ती चूक दुरुस्त करायला घेतली. इतके दिवस कोऱ्या पट्टीच्या मागं लागून मूळ काम तसंच राहिलं होतं. आता तिनं कोऱ्या पट्टीचा विचार सोडला आणि सरळ जे करायचं होतं ते केलं. पट्टी डकवण्याआधी इंजिननं बघावं, बघणारा आणि पट्टी यांच्यामधे काही आहे का. भिंत असली तर पट्टी दाखवायची नाही. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी खेळातली आई स्वैपाकघरात गेली आणि तिचं नावही तिच्याबरोबर गेलं. भिंती पुन्हा भिंती झाल्या.

कोरी पट्टी कुठंच नव्हती.

"भारी केलात, अक्का!" नागेंद्रचा फोन आला. "सगळ्या खोल्या तपासल्या मी. भिंतीतून नाव कुठंच गळत न्हाई. आता पाठवून देऊ हे पुढं."

श्रीलक्ष्मीला कित्येक दिवसांनी मोकळं वाटलं. ती बाजारात जाऊन आली, येताना आत्यांना आवडतात म्हणून मिरची भजी आणली. शारदाबाईंनी एक भजं उचललं, अर्धं खाल्लं, बशीत ठेवलं. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर होता आणि त्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होत्या, जिन्याखाली बघत होत्या, दारांमागं.

"कुठं गेला ग तो?"

"तो नव्हताच, आत्या. ती चूक होती. दुरुस्त झाली."

"म्हणजे काय केलीस?"

"आता भिंतीमागचं दिसत नाही."

शारदाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. लहान लेकराला कळेल असं कसं सांगावं, याचा विचार करत असल्यासारख्या.

"दिसायचं बंद केलीस," त्या म्हणाल्या. "मग नव्हताच कसं म्हणतीस?"

भजी बशीत गार झाली. श्रीलक्ष्मीला कळत होतं, आत्या म्हणतात ते खरं आहे. तिनं फक्त चित्र दुरुस्त केलं होतं. भिंतीपलीकडं जे काही होतं त्याला तिनं हातसुद्धा लावला नव्हता. आधी निदान ते कुठं आहे एवढं तरी समजत होतं. आता ती मधल्या खोलीत बसे आणि चारी भिंतींकडं आळीपाळीनं बघे. ह्या भिंतीमागं असेल. का ह्या? तोरण वाजत नव्हतं. पावलं वाजत नव्हती. घरात काही म्हणजे काही वाजत नव्हतं, आणि ती शांतता कुणीतरी अंग चोरून उभं असल्यासारखी होती.

शारदाबाई वस्तू शोधत नव्हत्या, घरभर हिंडतही नव्हत्या. त्यांनी खेळात स्वतःला मधल्या खोलीत आणलं, दिवाणाच्या जागी, आणि तिथंच सोडून दिलं. लॅपटॉप पुढ्यात उघडा ठेवून त्या वाती वळत बसत.

"काय करताय, आत्या?"

"बसलेय," त्या म्हणाल्या. "मला काय भिंतीआड जाता येत न्हाई. त्याला यायचं तर येईल."

६

अशाच एका दुपारी वीज गेली. पंखा फिरता फिरता मंदावला आणि थांबला. बाहेर रस्त्यावर ऊन असं होतं की कुत्रंसुद्धा नव्हतं. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत येऊन फरशीवर, दिवाणाच्या पायथ्याशी पडला होता.

श्रीलक्ष्मी टेबलाशी काम करत होती. शारदाबाई वाती वळत होत्या. त्यांचं वाती वळणं थांबलं, ते तिला न बघताच कळलं.

"आला," शारदाबाई म्हणाल्या.

श्रीलक्ष्मीनं मान वळवली. फक्त आत्यांच्या लॅपटॉपपुरती. पडद्यावर मधली खोली होती, हीच, आणि खिडकीजवळ वर, छताला लागून, कोरी पट्टी होती. एवढी मोठी तिनं ती कधी पाहिली नव्हती. लांब असताना ती बोटभर दिसायची. आता पडद्याचा वरचा कोपरा तिनं भरून गेला होता. ती किंचित पुढं झुकलेली होती. तिच्याखाली काही नव्हतं. खिडकी, भिंत, फरशी.

श्रीलक्ष्मीच्या मनानं तेवढ्यातही शेवटची धडपड केली. दुरुस्ती कुठंतरी कच्ची राहिली असेल. तिनं हात लांब करून खेळातली नजर गर्रकन फिरवली. आई स्वैपाकघरात होती, नाव दिसत नव्हतं. बाबा बाहेर होते, नाव दिसत नव्हतं. नजर पुन्हा खिडकीकडं आणली. कोरी पट्टी दिसत होती.

दुरुस्तीत खोट नव्हती. काम चोख झालं होतं. मधे भिंत असती तर पट्टी दिसली नसती.

तिनं खिडकीकडं पाहिलं नाही. ती पडद्याकडंच बघत राहिली, जसं काही नजर तिथं धरून ठेवली तर बाकीची खोली जागच्या जागी राहील.

शारदाबाईंनी मात्र पडद्यावरून डोळे काढले. खिडकीच्या बाजूला मान वळवली आणि मग वर केली, वर, छताकडं. त्यांचा चेहरा उजळला.

"वाकून कामून उभारलास रे?" त्या म्हणाल्या. "मान दुखंल. बस की."

पडद्यावर पट्टी जराशी हलली. मग खाली येऊ लागली. सावकाश, मधेच थांबत, ज्याला आपलं अंग कुठं ठेवावं ते कळत नाही अशा कुणीतरी बसावं तशी. खिडकीच्या गजांच्या खाली. दिवाणाच्या काठाच्या खाली. आणि शारदाबाईंच्या पायांजवळ येऊन थांबली.

फरशीवरचा उन्हाचा पट्टा नाहीसा झाला होता.

श्रीलक्ष्मीला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता, म्हणजे दिसत नव्हता. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं आणि दिवाणाच्या पायथ्याशी सावली बसली होती.

शारदाबाईंनी हात पुढं केला. सुरकुतलेला, दोन हिरव्या बांगड्यांचा, वातींचा कापूस चिकटलेला हात. तो हवेत थोडा खाली गेला आणि थांबला. हवेत थांबतो तसा नव्हे, कशावर तरी टेकून थांबतो तसा. मग त्यांची बोटं फाकली. कुणीतरी केसांतून बोटं फिरवावीत तशी ती सावकाश पुढं गेली, मधेच कुठंतरी अडकली, सोडवून घेतली, परत फिरली.

"किती राठ केस रे," त्या पुटपुटल्या. "तेलाचं बोट बी लावलेलं न्हाई कुणी."

श्रीलक्ष्मीच्या पायांना दाराकडं जायचं होतं. दार चार हातांवर होतं. रस्ता, उन्हं, शेजारणीचं घर, सगळं तिथंच होतं. पण दाराकडं जायचं म्हणजे आत्यांना इथं ठेवून जायचं. ते काही तिच्यानं होईना.

"आत्या," ती म्हणाली. "इकडं या. उठा तिथून. मी धरते तुम्हाला."

"तू ये," शारदाबाई म्हणाल्या. हात फिरतच होता. "ये माय. तुला भीती वाटायलीय ते मला ठाऊक हाय. पण ह्यालाबी वाटायलीय. तुझी. अंग बघ कसं आखडून बसलाय. तू भिंतीआड टाकलीस न्हवं त्याला, मग त्याला काय कळावं? हात लाव. मी हाय हितं."

खोलीत कुठलाच आवाज नव्हता. मग तिला तो ऐकू आला, अगदी जवळून, खालून. भलामोठा आणि दबलेला श्वास. रडून झाल्यावर लेकरं घेतात तसा, तुटक.

श्रीलक्ष्मी उठली. खुर्ची मागं सरकून कर्कश वाजली आणि तो श्वास एकदम थांबला. ती थांबली. मग पुढं झाली. एक पाऊल, आणखी एक. सावलीच्या कडेला येऊन तिनं दिवाणाचा काठ घट्ट धरला, आत्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली, आणि डोळे मिटून घेतले. आत्यांच्या अंगाला खोबरेल आणि कापसाचा वास येत होता. तिनं हात पुढं केला.

हात अजून अधांतरीच होता. तेवढ्यात खालून कुणीतरी मान उचलली आणि आपलं डोकं तिच्या तळव्याला आणून टेकवलं. तापलेलं, राठ, घामेजलेलं, दिवसभर उन्हात हुंदडून आलेल्या पोराचं असतं तसं. आणि तिच्या तळव्यात मावेल त्याच्या किती तरी पट मोठं.

श्रीलक्ष्मीनं डोळे उघडले नाहीत. हातही काढला नाही.